सीरमची बाटली आणि मटकीचे मोड



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक काचेची बाटली हातोहात फिरली. बोटभर उंचीची, वर रबरी ड्रॉपर. आमच्यातल्याच एका मैत्रिणीची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आले. शहरातून सुट्टीला आलेल्या भाचीने सांगितलं, व्हिटॅमिन सीचं सीरम लाव, रोज सकाळी चार थेंब. मैत्रिणीने सहाशे रुपये घालून बाटली मागवली. कांदे निवडण्याची दोन दिवसांची मजुरी त्यात गेली. सहा आठवडे तिने नेमाने लावलं. चेहरा जरा तुकतुकीत वाटायला लागला होता. मग पाण्यासारखं स्वच्छ असलेलं ते औषध पिवळं झालं आणि बघता बघता काळ्या चहासारखं तपकिरी. ती बैठकीत म्हणाली, "एवढंच सांगा बायांनो, मी फसले का?"

लगेच हो किंवा नाही म्हणता आलं नाही. म्हणून आम्ही या वस्तूचा इतिहास वाचायला बसलो. वाचता वाचता थेट जहाजांवर पोचलो, लढाईत गेलो आणि शेवटी आपल्याच स्वयंपाकघरात परत आलो. आजच्या भाषणात तीच गोष्ट.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यापासून करू. सन १४९८. वास्को द गामा कालिकतला येऊन परत निघाला होता. वाटेत तो अंजदीव बेटावर थांबला. हे बेट कारवारजवळ आहे आणि आज गोव्याच्या हद्दीत मोडतं. तिथून ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याची जहाजं आफ्रिकेच्या दिशेने सुटली. वारा प्रतिकूल होता, समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, अंगावर काळेनिळे डाग उठले. त्या एका टप्प्यात तीसेक माणसं मेली. आफ्रिकेच्या मालिंदी बंदरात पोचल्यावर आजारी लोकांसाठी पहिल्यांदा काय मागवलं असेल? संत्री. म्हणजे उपाय त्यांना अंदाजाने ठाऊक होता. कारण मात्र ठाऊक नव्हतं.

या रोगाचं नाव स्कर्व्ही. आता तुम्ही म्हणाल, चेहऱ्याच्या सीरमचा आणि याचा काय संबंध? संबंध कातडीचाच आहे. १७४० साली जॉर्ज ॲन्सन नावाचा इंग्रज अधिकारी जहाजांचा ताफा घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. त्याची बहुतेक माणसं मेली, आणि लढाईत मेलेली त्यात अगदी मोजकी. बाकीच्यांना रोगाने नेलं, त्यात स्कर्व्हीचा वाटा मोठा. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची हकिकत आहे. पन्नास वर्षांपूर्वी एका लढाईत त्याला जखम झाली होती. ती कधीच भरून गेली होती. स्कर्व्ही झाल्यावर ती जुनी जखम पुन्हा उघडली, जणू कधी भरलीच नव्हती.

असं का झालं, ते आज माहीत आहे. आपली कातडी, हिरड्या, नसा आणि हाडं यांना धरून ठेवणारा एक धागा शरीरात सतत विणला जातो. त्याला कोलॅजन म्हणतात. त्या विणकामाला व्हिटॅमिन सी लागतं. ते मिळालं नाही की वीण उसवते. भरलेल्या जखमेवरचं कातडं हेसुद्धा एक विणकामच, ते रोज थोडं थोडं नव्याने घालावं लागतं. आपल्या गोठ्यातली गाय, दारातली शेळी, राखणीचं कुत्रं, ही सगळी आपल्या शरीरातच व्हिटॅमिन सी तयार करतात. माणसाला ते जमत नाही. आपल्याला ते ताटातूनच घ्यावं लागतं.

आता १७४७ सालात या. सॉल्सबरी नावाच्या जहाजावर जेम्स लिंड नावाचा डॉक्टर होता. त्याने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना सारखंच. वर एका जोडीला सफरचंदाची दारू, एकीला पातळ केलेलं आम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरीची गोळी आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात त्या जोडीतला एक खलाशी कामावर उभा राहिला आणि दुसरा आजाऱ्यांची सेवा करायला लागला.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण लिंडला वाटलं, जहाजावर ताजी फळं महिनोन्‌महिने टिकणार कशी? म्हणून त्याने रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून दाट पाक करायचा आणि बाटल्यांत भरायचा, असा उपाय सुचवला. दिसायला पाक उत्तम. पण व्हिटॅमिन सी उष्णतेने आणि हवेने मरतं. लिंडच्या बाटलीत आंबटपणा उरला, गुण बहुतेक गेला. ब्रिटिश आरमाराने खलाशांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम काढला तो १७९५ साली, म्हणजे त्या प्रयोगानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी.

हुकूम निघाला, रोग हटला. आणि मग पुन्हा घोटाळा झाला. आधी भूमध्य समुद्राकडची मोठी पिवळी लिंबं घेत असत. १८६० नंतर आरमाराने वेस्ट इंडीज बेटांवरच्या छोट्या हिरव्या लिंबांचा रस घ्यायला सुरुवात केली. बेटं आपल्या राज्यातली, म्हणून सोय. दोन्हीला नाव जवळजवळ एकच. हा रस तांब्याच्या नळ्यांतून जायचा, पिंपांत पडून राहायचा. आणि तांबं तर व्हिटॅमिन सीचा वैरी, त्याच्या संगतीने ते फार लवकर नासतं. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे एक मोहीम गेली. रस सोबत होता, तरी माणसं स्कर्व्हीने पडली. मग मोठमोठे डॉक्टर म्हणायला लागले की लिंबाचा गुण वगैरे सगळं खोटं. शंभर वर्षांत शिकलेलं असं विसरलं गेलं.

मैत्रिणींनो, ही गाठ सोडवली बायकांनी, आणि म्हणून पुढचा भाग आम्ही जरा सावकाश सांगणार आहोत.

लंडनमध्ये लिस्टर इन्स्टिट्यूट नावाची संशोधन संस्था होती. १९०५ साली हॅरिएट चिक तिथे रुजू झाल्या. तिथल्या काही पुरुषांनी, बाई इथे नको, असं म्हणून पाहिलं होतं. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले आणि चिकबाईंनी प्रयोगशाळेत बायकांचा एक गटच उभा केला. या गटाने गिनी पिग नावाच्या छोट्या प्राण्यांवर आणि माकडांवर दोन्ही लिंबांची तुलना केली, कारण माणसासारखाच या प्राण्यांनाही स्कर्व्ही होतो. १९१८ साली त्यांनी जाहीर केलं, की छोट्या लिंबाच्या रसात मोठ्या लिंबाच्या पाव हिश्श्याइतकाच गुण असतो. त्याच गटातल्या ॲलिस हेंडरसन स्मिथ यांनी आरमाराची जुनी कागदपत्रं उलगडली आणि दाखवून दिलं, की नाव तेच राहिलं पण फळ बदललं होतं.

आणि याच काळात आपली माणसं मरत होती. आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, इंग्रजांनी जी फौज पाठवली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. १९१५च्या डिसेंबरात ही फौज कूत गावात वेढली गेली. १९१६च्या एप्रिलअखेरपर्यंत वेढा चालला. भाजी नाही, फळ नाही. घोडे मारून त्यांचं मांस वाटलं जायचं, ते बहुतेक हिंदी शिपायांनी बराच काळ टाळलं. इंग्रज शिपायांना त्या ताज्या मांसाने थोडं व्हिटॅमिन सी मिळालं. आपल्या माणसांना स्कर्व्ही झाला. वेढ्याबाहेरच्या हिंदी पलटणींतही हजारो शिपाई याच रोगाने आजारी पडले.

शिपायांच्या शिध्यात डाळी, कडधान्यं होती. पण कोरड्या कडधान्यात व्हिटॅमिन सी जवळजवळ नसतंच. ते येतं मोडात. दाणा भिजला, जागा झाला, मोड फुटला की तो स्वतःच व्हिटॅमिन सी तयार करायला लागतो. चिकबाई आणि त्यांच्या सहकारी एलन डेल्फ यांनी कोरडे आणि मोड आलेले दाणे शेजारी ठेवून ते प्रयोगाने दाखवलं. त्यांचा सल्ला असा, की जिथे भाजी-फळ पोचत नाही तिथे शिपायांना मोड आलेली कडधान्यं द्या. दिवसभर भिजवा, ओल्या कपड्यात एक-दोन दिवस ठेवा, आणि शिजवा तर थोडाच वेळ.

हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे मटकीची उसळ!" होय आजी, मटकीची उसळ. फडक्यात बांधून खुंटीला टांगलेली मटकी आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. ज्या घरांतून ती माणसं लढायला गेली, त्या घरांत ती होती. वेढ्यात ती त्यांच्या ताटात नव्हती.

एवढं सगळं होईपर्यंत हा गुण नेमका कशाचा, हे कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ते केलं आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरीच्या शास्त्रज्ञाने. १९२८ साली केंब्रिजमध्ये त्यांना प्राण्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत एक पांढरी, साखरेसारखी वस्तू सापडली. ती काय आहे हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी गमतीने तिला 'देव जाणे' अशा अर्थाचं नाव सुचवलं. संपादकाने ते काही छापलं नाही. पुढे ते हंगेरीतल्या सेगेद गावी आले. एका रात्री बायकोने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. पाप्रिका म्हणजे आपल्या ढोबळी मिरचीच्या जातकुळीतली तिथली मिरची. त्यांना ती खायची नव्हती, पण बायकोला तसं सांगायचं धाडस होईना. म्हणून ती प्रयोगशाळेत तपासायला नेतो म्हणाले. ही आठवण त्यांनीच सांगितलेली. मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळलं, की मिरची त्या पदार्थाने भरलेली आहे. थोड्याच दिवसांत किलोकिलोने तो पदार्थ निघाला. नाव पडलं ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे स्कर्व्ही घालवणारं आम्ल. १९३३ साली इंग्लंडमध्ये नॉर्मन हॉवर्थ यांनी त्याची रचना उलगडली, स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी साखरेपासून ते बनवण्याची रीत काढली आणि १९३४ पासून त्याच्या गोळ्या विकायला आल्या. १९३७ साली सेंट-ग्यॉर्गी आणि हॉवर्थ दोघांनाही नोबेल मिळालं. ज्याच्यासाठी जहाजंच्या जहाजं मेली, ते कारखान्यात स्वस्तात तयार व्हायला लागलं.

आता येऊ आपल्या मैत्रिणीच्या बाटलीकडे.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल नावाचे कातडीचे डॉक्टर होते. १९८१ साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की माणसाच्या कातडीच्या पेशींना व्हिटॅमिन सी दिलं तर त्या कोलॅजन जास्त विणतात. मग प्रश्न आला, की बाहेरून लावलं तर ते आत शिरेल का? कातडी ही भिंत आहे, येईल त्याला ती आत घेत नाही. २००१ साली त्यांच्या गटाने डुकराच्या कातडीवर प्रयोग करून उत्तर दिलं, कारण ती आपल्या कातडीशी बरीच जुळते. सीरम चांगलं आंबट असेल, शास्त्राच्या भाषेत पीएच ३.५च्या खाली, तरच ते आत जातं. आणि शंभरात वीस भागांपर्यंतच वाढीचा फायदा होतो. त्यापुढे वाढवून काही मिळत नाही.

पण लिंडची जुनी अडचण इथेही आलीच. बाटलीत व्हिटॅमिन सी टिकत नाही. हवा, उजेड, उष्णता लागली की ते पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. २००५ साली पिनेल यांच्या गटाने त्यात व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड घातलं. मिश्रण जास्त टिकलं आणि उन्हापासून मिळणारं संरक्षण दुप्पट झालं. हे फेरुलिक म्हणजे कोण, तर ते ज्या झाडाच्या डिंकातून पहिल्यांदा निघालं, ते हिंगाचं झाड. आपल्या फोडणीतला हिंग!

म्हणजे मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. बाई, तू फसली नाहीस. वस्तू खरी होती. पण ती बाटली तू आरशाशेजारी खिडकीत ठेवलीस. वर पत्रे, बाहेर एप्रिलचं ऊन. तीनशे वर्षांत आरमारांची जी चूक झाली तीच तुझी झाली. बाटलीवर विसंबलीस. आणि बाटली कशी सांभाळायची, हे विकणाऱ्याने ठळक लिहायला हवं होतं. ते आतल्या घडीच्या कागदावर मुंगीच्या अक्षरांत होतं, तेही इंग्रजीत. तो दोष तुझा नाही.

ज्यांना लावून बघायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. बाटली गडद रंगाची आणि लहान घ्यावी. नाव, तारीख, कारखान्याचा पत्ता नसेल तर घेऊ नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक-दोन दिवस बघावं. आग झाली, लाल झालं तर सोडून द्यावं. सकाळी तोंड धुऊन, पुसून चार थेंब, वर साधं क्रीम, आणि उन्हात जायचं तर सनस्क्रीन आणि पदर किंवा रुमाल. उन्हाला आडोसा नसेल तर वांगावर कुठलंही सीरम हरतंच. बाटली घट्ट झाकून अंधाऱ्या, गार जागी ठेवावी, तीनेक महिन्यांत संपवावी. तपकिरी झाली की टाकावी. आणि वांग लवकर जात नाहीत, महिने लागतात, काहींचे फिके होतात पण पूर्ण जात नाहीत. जास्त असतील तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवावं.

लिंबू कापून थेट तोंडावर चोळू नये. रस किती तीव्र आहे याचा नेम नसतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर उलट काळे डाग उठतात. आणखी एक. सीरम गोरं करत नाही, करूही नये. आठवड्यात गोरं करण्याचं वचन देणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या डब्यांत पारा किंवा स्टिरॉइड असू शकतं. पाऱ्याने मूत्रपिंडं खराब होतात, स्टिरॉइडने कातडी पातळ होते. त्या डबीपेक्षा सावळा चेहरा लाख पटीने बरा.

आता शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं. बाहेरून चार थेंब लावून चेहऱ्यापुरतं काम होतं. हिरड्या, जखमा, हाडं यांना ते ताटातूनच मिळायला हवं. देशाच्या २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांच्या अंगात रक्त कमी सापडलं. भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला व्हिटॅमिन सी मदत करतं. म्हणून पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळायचं ते ताट वाढल्यावर, पातेलं चुलीवर असताना नाही. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अडतं. पेरू, ताजा आवळा, कच्ची कोथिंबीर, मोड आलेली मटकी. आवळ्याचं तर १९४०च्या सुमाराचं उदाहरण आहे. हिसार भागात दुष्काळ पडला, स्कर्व्ही पसरला, तेव्हा लोकांना आवळा देऊनच तो आटोक्यात आणला. कार्तिकात आवळीखाली जेवायला बसायची आपली रीत आहेच. त्या दिवशी झाडाची पूजा करतो, तसे चार आवळे ताटातही वाढूया. आणि सुनेच्या, मुलीच्या ताटात आधी.

आमच्या मैत्रिणीने ती तपकिरी बाटली टाकून दिली. दुसरी घ्यायची की नाही, ते ती कांद्याचे पैसे हातात आल्यावर ठरवणार आहे, आणि घेतलीच तर पाण्याच्या माठामागे गार अंधारात ठेवणार आहे. तोवर शेतात जाताना तोंडाला रुमाल बांधते. आणि परवाच्या बैठकीला येताना तिने डबा आणला होता. वाफेवर जेमतेम शिजलेली मटकी, वर कांदा, कोथिंबीर, आणि कापलेलं लिंबू वेगळ्या पुडीत. म्हणाली, "ताटात वाढल्यावर पिळायचं. आधी नाही." सगळ्यांनी तसंच केलं.

तुमच्या गटात अशी एखादी बाटली फिरत असेल तर आम्हाला जरूर कळवा.